नळी पोकळ, मग पाणघोड्याची का नाही?

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या घरी रविवारी मटण झाले की नळी कोणाच्या पानात पडायची यावरून मुलांची भांडणे ठरलेली असतात. गेल्या रविवारी नळी ठोकून मगज काढून झाल्यावर धाकट्याने ती डोळ्याला लावली आणि विचारले, की हाड असे आरपार पोकळ असेल तर बकरे एवढ्या उड्या मारते तेव्हा ते मोडत कसे नाही. मला उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात वाचनात आले, की एक डायनोसॉर पाण्यात बुडी मारून मासे धरत असे, असे शास्त्रज्ञांनी त्याच्या मांडीच्या हाडाचा आडवा छेद पाहून म्हटले आहे. हाड कापून प्राणी कुठे आणि कसा राहत होता, हे कसे कळते? आणि तसे असेल तर पंचगंगेच्या घाटाजवळ दिवसभर डुंबणाऱ्या म्हशींची हाडेही वेगळी असतात का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याखेरीज डायनोसॉरपर्यंत पोचता येणार नाही.

ऊस भरीव असतो आणि कळक पोकळ असतो. तरी मांडवाला, परांचीला आपण कळक वापरतो. कोणतीही काठी वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधल्या गाभ्यावर फारसा ताण येतच नाही. म्हणजे गाभ्यातला माल नुसता वजन वाढवतो. २० मिलिमीटर व्यासाची एक भरीव काठी घ्या. तेवढ्याच मालाची बाहेरून २५ आणि आतून १५ मिलिमीटर व्यासाची नळी केली, तर वजन रतीभरही वाढत नाही, पण ती वाकवून मोडायला सुमारे १.७ पट जोर लागतो. बकऱ्याच्या पायाचे हाड पोकळ आहे म्हणून कमजोर नाही. उलट तेवढ्याच वजनात अधिक मजबुती मिळावी म्हणून ते पोकळ आहे. मग पोकळी आणखी वाढवून भिंत आणखी पातळ का केली नाही, असे मुलगा विचारीलच. त्याला दोन कारणे आहेत. भिंत फार पातळ झाली की नळी मोडण्याआधीच पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. आणि सस्तन प्राण्यांच्या नळीत हवा नसून मज्जा असते, तिलाही वजन असते, त्यामुळे पोकळी एका मर्यादेपलीकडे वाढवली की आतल्या मज्जेचा भारच अंगावर येतो. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत बाहेरची त्रिज्या भिंतीच्या जाडीच्या साधारण दुप्पट, असा हिशेब पुष्कळदा जमलेला दिसतो. डायनोसॉरांच्या काळातल्या टेरोसॉर या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पंखांची हाडे हवेने भरलेली असत आणि त्यांत मज्जेचे ओझे नव्हते, म्हणून त्यांच्या भिंती याहून कितीतरी पातळ असत.

पुढच्या रविवारी एक गोष्ट करून पाहा. खाटकाला मांडीचे हाड न तोडता अख्खे द्यायला सांगा. मांस काढून ते चांगले उकळा, साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवा आणि लोखंड कापायच्या करवतीने वरपासून खालपर्यंत उभे चिरा (करवत आपल्या हाती ठेवा, मुलाच्या नको). मध्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीची, हस्तिदंतासारखी घट्ट भिंत दिसेल आणि तिच्या आत मोकळी पोकळी. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे मात्र भिंत कागदासारखी पातळ होते आणि सगळी जागा बारीक जाळीने भरलेली असते. ही जाळी विस्कळीत वाटते, पण खुब्याच्या गोळ्यापाशी उजेड तिरपा पाडून पाहिले तर तिच्या काड्या रांगांनी लागलेल्या दिसतात. काही गोळ्याच्या माथ्यावरून सरळ खाली उतरतात, काही त्यांना कमानीसारख्या छेदून जातात. माणसाच्या मांडीच्या हाडातील अशाच रांगा झुरिकच्या हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने दाखवल्या, तेव्हा कार्ल कुलमान या अभियंत्याला त्यांत ओझे उचलणाऱ्या वाकड्या यारीतील ताण-दाबाच्या रेषा दिसल्या. मायरचा लेख १८६७ चा. पुढे १८९२ मध्ये यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने याच निरीक्षणाला नियमाचे रूप दिले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली घडण बदलते. त्याच्या नियमातले काटेकोर गणित पुढे टिकले नाही. गाभ्याची गोष्ट टिकली.

ती टिकली याचे कारण हाड जिवंत असते. त्यात जुना भाग कुरतडणाऱ्या आणि नवा रचणाऱ्या पेशी जन्मभर काम करत असतात. अंतराळात महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडातून दर महिन्याला साधारण एक ते दीड टक्का खनिज कमी होते, कारण तिथे पायांवर भारच नसतो. म्हणजे हाडाच्या आतल्या घडणीत दोन हिशेब एकमेकांत मिसळलेले असतात. एक पिढीजात, म्हणजे जातीकडून आलेला. दुसरा त्या एका जिवाने आयुष्यभर सोसलेल्या भाराचा. हे दोन वेगळे करणे हीच या शास्त्रातली खरी मेहनत आहे, आणि वर्तमानपत्री बातम्यांत नेमकी तीच गळते.

आता पाण्याकडे वळू. जमिनीवरच्या प्राण्याची चिंता हाड वाकून मोडू नये ही असते. पाण्यात शिरलेल्या प्राण्याची चिंता वेगळी. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधून घेतलेल्या कोणालाही हे सांगायला नको, की हवा अंगाला वर ढकलते. तळाशी टाकलेले नाणे बुडी मारून काढणाऱ्या पोरांनाही ठाऊक असते, की छाती गच्च भरून घेतली तर खाली राहणे अवघड जाते. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या आणि उथळ पाण्याच्या तळाशी चरणाऱ्या प्राण्याला हा त्रास रोजचा असतो. त्याला डब्याच्या उलट काहीतरी हवे, म्हणजे अंगाला बांधलेला दगड हवा. आणि हा दगड निसर्गाने बहुतेक वेळा हाडांतच ठेवला आहे. कच्छच्या आखातात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याला समुद्रगवत खाणाऱ्या समुद्रगाईच्या, म्हणजे ड्युगाँगच्या, बरगड्या अशा भरीव असतात, की त्यांच्या छेदात मज्जेला जागाच दिसत नाही. पाणघोडा खरे तर पोहत नाही, तळावर पाय टेकत चालतो. त्याच्या पायांच्या हाडांच्या भिंती जाड असतात आणि मधली पोकळी जाळीने भरून गेलेली असते. म्हणून मथळ्यातल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की पाणघोड्याला नळीपेक्षा वजनाचा उपयोग अधिक.

पण पाण्यात राहणे म्हणजे जड हाडे, असे समीकरण मांडले तर फसायला होते. खोल समुद्रात वेगाने पोहणाऱ्या देवमाशांची आणि डॉल्फिनांची हाडे नेमकी उलटी असतात. त्यांत घट्ट भिंत जवळजवळ नाहीशी होऊन आरपार विरळ जाळी उरते. खोलवर गेल्यावर पाण्याच्या दाबाने फुप्फुसे चेपतात आणि तरंगण्याची अडचण आपोआप सुटते. शिवाय ज्याला वेग घ्यायचा, वळायचे, भक्ष्याचा पाठलाग करायचा, त्याला अंगावर दगड बांधून परवडत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांनीही देवमाशांशी काही नाते नसताना हीच विरळ हाडांची वाट धरली होती. तेव्हा छेद पाहणाऱ्याने विचारायचे ते इतकेच, की या प्राण्याला वजन हवे होते की नको होते. तो पाण्यातला होता की जमिनीवरचा, हे त्यानंतर आणि इतर पुराव्यांना धरून ठरते.

या विषयातले सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. जम्मू भागातील कालाकोटजवळच्या खडकांत भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांना मांजराएवढ्या एका खुरवाल्या प्राण्याचे अवशेष सापडले आणि १९७१ मध्ये त्यांनी त्याला ‘इंडोह्युस’ हे नाव दिले. त्यांनी गोळा केलेले बरेचसे दगड न फोडताच राहिले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसेन या संशोधकाच्या हवाली केले. दगड साफ करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून फुटला आणि आत हाडाची अशी जाड कड दिसली, जी तोवर देवमाशांच्या घराण्याची खूण मानली जात होती. थेविसेन आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी २००७ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट त्यांना पायांच्या हाडांच्या छेदात मिळाली. बाहेरून पाहिले तर हे पाय हरणासारखे सडपातळ, पोहण्याची कोणतीही खूण नसलेले. आत पाहिले तर भिंत जाड आणि मज्जेची पोकळी अरुंद. दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचे, प्रमाणही पाण्यात बराच वेळ काढणाऱ्या प्राण्याशी जुळले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा चिमुकला प्राणी पाण्याच्या तळावर पाय रोवून चालत असावा, धोका दिसला की पाण्यात शिरून दडत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. राधानगरीच्या जंगलात आपल्याकडे पिसोरी नावाचे ससाएवढे लाजाळू हरीण आहे. तिची आफ्रिकेतली एक चुलत बहीण आजही गरुड झेपावला की ओढ्यात बुडी घेते. देवमाशाचे दूरचे पूर्वज कसे दिसत असतील याची कल्पना करायची झाली, तर मी तिच्याकडेच बोट दाखवीन.

हा बदल किती सावकाश होतो, तेही एका ठिकाणी थरावर थर असे सापडले आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर थॅलासोक्नस नावाचे जमिनीवर राहणारे स्लॉथ (संथ चालीचे केसाळ सस्तन प्राणी) समुद्रात उतरून गवत खाऊ लागले. खालच्या, म्हणजे जुन्या थरांतील जातींची हाडे त्यांच्या जमिनीवरच्या भाऊबंदांच्या बरीच जवळ आहेत; वरच्या थरांकडे यावे तसतशी ती घट्ट होत जातात, आणि शेवटच्या जातींत नळी जवळजवळ बुजलेली आहे. या साऱ्याला सुमारे ४० लाख वर्षे लागली. एकच घराणे, एकच किनारा आणि ओळीने लावलेले छेद, असा पुरावा क्वचितच मिळतो.

आता म्हशींकडे येऊ. म्हैस पाण्यात बसते ती अंग थंड ठेवण्यासाठी. तिच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या असतात आणि ऊन तिला सोसत नाही. पण ती बुडी मारत नाही, तळाशी चरत नाही, आणि सकाळ-संध्याकाळ गोठ्यापासून घाटापर्यंतचा रस्ता चारही पायांवर कापते. तिच्या पायात मज्जेने भरलेली मोकळी नळी असते, जशी गाईच्या आणि बकऱ्याच्या पायात असते. समजा, लाखो वर्षांनंतर कोणाला तिचे हाड सापडले आणि त्याने ते कापून पाहिले, तर हा प्राणी दुपारभर पाण्यात बसत असे हे त्या हाडावरून त्याला कधीच कळणार नाही. न दिसलेल्या गोष्टीवरून ‘नव्हतेच’ म्हणू नये, एवढे भान ठेवायला आपल्या घाटावरच्या म्हशी पुरेशा आहेत.

डायनोसॉरचे आपण वाचलेत तो स्पायनोसॉरस. एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधील अवशेषांवरून १९१५ मध्ये त्याचे वर्णन केले. ते अवशेष १९४४ च्या एप्रिलमध्ये म्युनिकवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. मोरोक्कोत सापडलेला नवा सांगाडा २०१४ मध्ये आणि त्याची वल्ह्यासारखी रुंद शेपटी २०२० मध्ये जगापुढे आली. त्यानंतर २०२२ मध्ये एका गटाने अडीचशेच्या घरातील आजच्या आणि नामशेष प्राण्यांच्या मांडीच्या हाडांचे आणि बरगड्यांचे छेद जमवले. प्रत्येक छेदाच्या वर्तुळात हाड किती टक्के जागा व्यापते आणि ते मध्यापासून कडेकडे कसे पसरले आहे, हे संगणकाने मोजले. ज्यांच्या सवयी आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत अशा प्राण्यांचे आकडे एका बाजूला आणि डायनोसॉरांचे दुसऱ्या बाजूला, अशी ती तुलना होती. स्पायनोसॉरस आणि इंग्लंडमधला त्याचा नातलग बॅरिओनिक्स यांची हाडे घट्ट निघाली, म्हणून ते पाण्याखाली शिकार करत असावेत; तिसरा नातलग सुकोमिमस मात्र नेहमीसारखा पोकळ नळीचा निघाला, म्हणून तो काठावरच राहिला असावा, असे त्यांनी म्हटले.

हे सगळ्यांना पटले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने स्पायनोसॉरसच्या अंगाची संगणकीय प्रतिकृती करून तो उथळ पाण्यात उभा राहून मासे टिपणारा, बगळ्याच्या रीतीचा प्राणी होता, असे मांडले. २०२४ मध्ये आणखी एका लेखाने मोजण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवले. छेद हाडाच्या कोणत्या उंचीवर घेतला, प्राणी तरुण होता की म्हातारा, एकाच जातीतील दोन जिवांत किती फरक पडतो, ‘बुडी मारणारा’ या गटात कोणाला घातले आणि कोणाला वगळले, या साऱ्यांनी उत्तर हलते, असे त्यांनी दाखवले. माझे मत विचाराल तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक सावध वाटते. स्पायनोसॉरसची हाडे जड होती यात वाद नाही. पण तळावर पाय रोवून उभे राहायलाही जड हाडे उपयोगी पडतात, आणि तेवढ्यावरून त्याला पाण्याखाली पाठलाग करायला लावणे म्हणजे हाडाने जेवढे सांगितले त्याहून अधिक ऐकणे होय.

शिवाय हत्तीची अडचण आहेच. आजरा-चंदगडकडे कर्नाटकातून येणारे हत्ती आपल्याला नवे नाहीत. हत्तीच्या मांडीच्या हाडात मोकळी नळी नसते. ते जाळीने भरलेले असते आणि मज्जा त्या जाळीच्या छिद्रांत राहते. गेंड्याचेही जवळपास तसेच. याचा पाण्याशी काहीही संबंध नाही. कित्येक टन वजन खांबासारख्या सरळ पायांवर तोलायचे, म्हणून हाड आतून भरले गेले. म्हणजे नळी बुजलेली दिसली, की प्राणी फार वजनदार होता की उथळ पाण्यातला होता, हा प्रश्न उभा राहतो; पाणघोड्यासारखा प्राणी दोन्ही असेल तर कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एका छेदावरून वेगळे काढता येत नाही. मथळ्यातल्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर, आणि पहिल्याइतकेच खरे.

प्रश्न : अंड्यावरची गावरान कोंबडी कापली तेव्हा तिच्या मांडीच्या नळीत बारीक काड्यांचा भुसा भरल्यासारखा दिसला. ब्रॉयलरच्या नळीत तो कधी दिसत नाही. पंखाचे वरचे हाड मात्र दोन्हींत आतून कोरडे आणि रिकामे होते. हा रोग तर नव्हे?
— एक वाचक, कागल

उत्तर : रोग नव्हे, तिचे ते बचत खाते आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि कवच घडायला वीस तासांच्या आसपास वेळ लागतो. त्यातला बराच काळ रात्रीचा, म्हणजे पोटात नवे खाद्य येत नसतानाचा असतो. म्हणून अंडी सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत मादीच्या संप्रेरकांमुळे नळीच्या आत एक वेगळे, झटपट तयार होणारे आणि तितक्याच झटपट विरघळणारे हाड रचले जाते. भार पेलण्याचे काम त्याच्याकडे नसते. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत कापला जातो, अंड्यावर येतच नाही, म्हणून त्याची नळी मोकळी. मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टायरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात अशाच हाडाचा थर असल्याचे मांडले. तो खरोखर तसाच असेल, तर ती मादी होती आणि अंडी घालण्याच्या बेतात होती, असे म्हणता येते.

पंखाच्या हाडाची गोष्ट वेगळी. खांद्याकडच्या टोकाला आतल्या बाजूने बारकाईने पाहिलेत तर एक भोक सापडेल. त्यातून हवेच्या पिशवीचा फाटा हाडात शिरतो आणि मज्जेची जागा घेतो. ही वाट श्वासमार्गाशी इतकी जोडलेली असते, की अठराव्या शतकात जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदाने श्वासनलिका बांधून टाकलेला पक्षी पंखाच्या कापलेल्या हाडातून काही काळ श्वास घेतो, हे दाखवून दिले होते. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये.) सह्याद्रीतल्या मोठ्या धनेशाच्या पंखात ही हवा अगदी बोटांच्या हाडांपर्यंत जाते. पाण्याखाली पोहणाऱ्या पेंग्विनच्या पंखाच्या हाडात ती अजिबात जात नाही. तिथे घट्ट, जाड हाड असते. आता प्रश्न असा, की कोंबडी उडून उडून कितीशी उडते? परड्यातून फार तर कुंपणावर. तरी तिच्या पंखाचे हाड हवेने भरलेले, कारण ती त्याच घराण्यातली. वर ज्याला पिढीजात हिशेब म्हटले तो हाच. निव्वळ हे एक हाड पाहून कोणी कोंबडीला उत्तम उडणारी ठरवले, तर चूक हाडाची नाही.

प्रश्न : मी तालमीत जातो. मेहनतीने स्नायू वाढतात हे दिसते. हाडही आतून बदलते का? आणि जुन्या माणसांच्या हाडांवरून ते काय मेहनत करत होते हे सांगता येते का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : बदलते, आणि कोवळ्या वयात सर्वाधिक बदलते. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा टेनिसपटूंचा आहे. लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा ठळकपणे जाड आणि मजबूत असते. संशोधक टेनिसपटू निवडतात याचे कारण साधे आहे. खाणेपिणे, वय, आईबाप, सगळे दोन्ही हातांना सारखेच. फरक फक्त भाराचा. पैलवान जोर मारतो, करेला फिरवतो, त्यात दोन्ही हात राबतात, त्यामुळे तुलनेला त्याच्याच अंगावर दुसरा हात उरत नाही.

जुन्या माणसांचे विचारता तर १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्यूसी’ या आदिमानव मादीच्या सांगाड्याचे उदाहरण घ्या. तिची हाडे न कापता २००८ मध्ये क्ष-किरणांनी थराथराने टिपली गेली. २०१६ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की मांडीच्या मानाने तिचा दंड आजच्या माणसापेक्षा मजबूत आणि चिंपांझीपेक्षा कमी होता. म्हणजे ती दोन पायांवर चालत असली तरी झाडावर चढण्यात हातांचा भरपूर वापर करत असावी. अमेरिकेतील शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या आणि मक्याची शेती करणाऱ्या जुन्या समाजांच्या खुब्यांची तुलना झाली, तेव्हा शेतकऱ्यांची आतली जाळी अधिक विरळ निघाली. चालणे कमी झाले, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. मात्र एखाद्या एकट्या सांगाड्यावरून ‘हा पैलवान’, ‘ही दळणारी’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्याकडे तुलनेला किती सांगाडे होते हे आधी विचारा.

प्रश्न : आमच्या रानाजवळच्या ओढ्यात पावसाळ्यानंतर मोडलेले एक भलेमोठे हाड उघडे पडले आहे. मोडलेल्या तोंडाशी नळी दिसत नाही, सगळी जाळीच दिसते. ते हत्तीचे असेल का? कापून पाहू का?
— एक वाचक, आजरा

उत्तर : कापू नका. आधी हाड कुठे मोडले आहे ते पाहा. सांध्याजवळ मोडले असेल तर बैलाच्या, म्हशीच्या, गव्याच्या, कोणाच्याही हाडात जाळीच दिसेल. वर बकऱ्याच्या हाडाच्या टोकांविषयी सांगितले ते आठवा. हाड ऐन मध्यावर मोडले असेल आणि तरीही आत मोकळी नळी नसेल, तर हत्तीचा संशय घ्यायला जागा आहे. पण ओळख पटवण्याची पहिली रीत बाहेरच्या आकाराची, सांध्याच्या खाचांची आणि मापांची आहे. छेद घेतला की ती वाट बंद होते, म्हणून संग्रहालयांतही आता शक्य तिथे हाड न कापता स्कॅन करतात. हत्ती आणि गवा दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यांचे अवशेष घरी नेऊन ठेवणे गुन्हा ठरते. हाड आहे तिथेच राहू द्या. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही टोकांची आणि मोडलेल्या तोंडाची छायाचित्रे काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. मोडलेल्या तोंडाचे छायाचित्र काढताना उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे जाळीच्या काड्या कोणत्या दिशेने लागल्या आहेत तेही त्यात उतरेल.